अवकाशातून टिपलेल्या छायाचित्रात आपला परिसर कसा ओळखावा

अवकाशातून टिपलेल्या छायाचित्रात आपला परिसर शोधायला बसलेला माणूस सहसा ज्या खुणा शोधतो, त्या तिथे दिसतच नाहीत. घरामागची टेकडी, चौकातला मनोरा, दम लागेपर्यंत चढावा लागणारा घाट या गोष्टी त्याच्या ओळखीच्या असतात, कारण जमिनीवरून पाहताना उंची आणि चढउतार हेच डोळ्यांत भरतात. सरळ वरून पाहिले की उंची जवळजवळ पुसली जाते आणि रंग, पोत व आडवा आकार एवढेच हाती उरते. ज्या गोष्टींकडे आपण जाता-येता ढुंकूनही पाहत नाही, म्हणजे तलावाच्या काठाची वळणे, धावपट्टीची दिशा, दोन पुलांमधले अंतर, शेतांच्या बांधांची ठेवण, त्या मात्र वरून स्वच्छ दिसतात. याहून मोठी अडचण आपल्या नजरेच्या उतावीळपणाची आहे. ओळखीचे ठिकाण शोधणारी नजर थोडेसे साम्य दिसताच ‘हेच ते’ असा निर्वाळा देऊन मोकळी होते आणि एकदा तसे ठरले की उरलेले सगळे चित्र त्या निर्वाळ्याशी ओढूनताणून जुळवले जाते. म्हणून पुढे दिलेल्या पद्धतीत शोधण्यापेक्षा ताडून पाहण्यावर अधिक भर आहे.

चित्राआधी चित्राची माहिती

अवकाशातली छायाचित्रे मुख्यतः दोन प्रकारची असतात आणि दोन्हींची वाचण्याची रीत वेगळी आहे. लँडसॅट किंवा सेंटिनेल-२ यांसारख्या उपग्रहांची चित्रे जवळजवळ सरळ वरून घेतलेली, उत्तर वर ठेवून मांडलेली आणि ठरावीक मापाची असतात. लँडसॅट ७०५ किलोमीटर उंचीवरून १८५ किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपतो आणि त्याच्या रंगीत चित्रातला एक पिक्सेल जमिनीवरच्या ३० मीटर लांब-रुंद चौकोनाएवढा असतो. सेंटिनेल-२ चा पिक्सेल दृश्य रंगांत १० मीटरचा असतो. याचा अर्थ असा की फुटबॉलचे पूर्ण मापाचे मैदान लँडसॅटच्या चित्रात जेमतेम आठ ठिपक्यांचे, तर सेंटिनेलच्या चित्रात सत्तरएक ठिपक्यांचे होते. घर दिसेल अशी आशा दोन्हींकडून ठेवू नये. वस्ती, तलाव, रस्ता आणि जंगलाची कड एवढे मात्र खात्रीने दिसते.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातून अंतराळवीरांनी हातातल्या कॅमेऱ्याने काढलेली छायाचित्रे याहून देखणी असतात, पण वाचायला अवघड असतात. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दर ९३ मिनिटांना पृथ्वीची एक फेरी पूर्ण करते. त्याची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करत असल्याने त्याहून अधिक उत्तरेला किंवा दक्षिणेला असलेल्या प्रदेशावरून ते कधीच जात नाही. तिथल्या लोकांना आपल्या मुलखाची स्थानकावरून घेतलेली तिरकी चित्रेच मिळतात. फेब्रुवारी २०१० मध्ये कुपोला ही सात खिडक्यांची घुमटी स्थानकाला जोडण्यात आली आणि तेव्हापासून क्षितिजापर्यंतची तिरकी दृश्ये टिपणे फार सोयीचे झाले.

नासाच्या जॉन्सन अवकाश केंद्राच्या संग्रहात अशा प्रत्येक छायाचित्रासोबत तारीख, ग्रीनिच वेळ, लेन्सचे नाभीय अंतर (फोकल लेंथ) आणि अक्षांश-रेखांश दिलेले असतात. यात नवख्या माणसाची हमखास फसगत होते ती अक्षांश-रेखांशांच्या दोन जोड्यांमुळे. एक जोडी स्थानक ज्या जागेच्या थेट वर होते तिची असते आणि दुसरी चित्राच्या मध्यभागी दिसणाऱ्या जागेची. कॅमेरा तिरका धरला असेल तर या दोन जागांत शेकडो किलोमीटरचे अंतर पडू शकते. चित्राच्या मध्याची जोडी प्रत्येक छायाचित्राला दिलेली नसते. ती नसेल तेव्हा पहिल्या जोडीभोवतीचे मोठे वर्तुळ शोधायचे आहे हे आधीच मान्य करावे.

नाभीय अंतर कळले की चित्रात किती मुलूख मावला आहे याचा अंदाज साध्या त्रैराशिकाने करता येतो. ३६ मिलिमीटर रुंदीचा सेन्सर, ४०० मिलिमीटरची लेन्स आणि ४०० किलोमीटरची उंची असेल, तर सरळ खाली पाहताना चित्राची रुंदी ३६ किलोमीटर भरते. ८०० मिलिमीटरच्या लेन्सने ती १८ वर येते आणि ५० मिलिमीटरच्या लेन्सने २८८ वर जाते. हा हिशेब शोधाआधी करावा, कारण १८ किलोमीटरच्या चित्रात अख्खा जिल्हा शोधणे आणि २८८ किलोमीटरच्या चित्रात आपला चौक शोधणे या दोन्ही गोष्टी सारख्याच व्यर्थ आहेत. तिरक्या चित्रात अर्थातच हे माप जवळच्या कडेला कमी आणि दूरच्या कडेला जास्त होत जाते.

माझा सल्ला असा की आपला परिसर आधी सेंटिनेल-२ च्या चित्रांत पाठ करावा आणि मगच अंतराळवीरांच्या छायाचित्रांकडे वळावे. ही चित्रे आणि लँडसॅटची चित्रे दोन्ही विनामूल्य उपलब्ध आहेत. नकाशाच्या लोकप्रिय ॲपमधले उपग्रहचित्र या सरावाला तितकेसे उपयोगाचे नाही, कारण ते वेगवेगळ्या तारखांचे तुकडे जोडून केलेले असते. त्यात नदी एका ऋतूतली आणि शेजारचे शेत दुसऱ्याच ऋतूतले असू शकते.

वर कोणती दिशा आहे

अवकाशात वर-खाली असे काही नसते, त्यामुळे अंतराळवीराच्या छायाचित्रात उत्तर कुठेही असू शकते. ७ डिसेंबर १९७२ रोजी अपोलो १७ मधून टिपलेले पूर्ण पृथ्वीचे सुप्रसिद्ध छायाचित्र मुळात दक्षिण ध्रुव वर ठेवून आलेले होते आणि लोकांपुढे ठेवताना ते फिरवले गेले. आपणही चित्र फिरवायला बिचकू नये.

दिशा सावल्यांवरून काढावी. उत्तर गोलार्धातल्या मध्यम अक्षांशांत सकाळी सावल्या वायव्येकडे पडतात, दुपारी उत्तरेकडे आणि सायंकाळकडे ईशान्येकडे. दक्षिण गोलार्धात हेच उत्तर-दक्षिण उलटे होते. उष्ण कटिबंधात वर्षाचे काही दिवस माध्यान्हीचा सूर्य अपेक्षेच्या विरुद्ध बाजूला असतो, त्यामुळे तिथे तारीख पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. डोंगर नसतील तर ढगांच्या सावल्या घ्याव्यात. सुट्या ढगाच्या आकाराची काळी प्रतिमा त्याच्या एका बाजूला जमिनीवर पडलेली असते आणि सरळ वरून घेतलेल्या चित्रात ढगाकडून त्या प्रतिमेकडे काढलेली रेघ सूर्याच्या विरुद्ध दिशा दाखवते.

इथेच एक दृष्टिभ्रम आडवा येतो. प्रकाश वरूनच येतो असे आपला मेंदू गृहीत धरतो. उत्तर गोलार्धात घेतलेल्या आणि उत्तर वर ठेवलेल्या चित्रात मात्र प्रकाश खालच्या बाजूने आलेला असतो. परिणामी दऱ्या उंच धारांसारख्या आणि डोंगररांगा खोल घळींसारख्या दिसू लागतात. एखादी नदी डोंगरमाथ्यावरून वाहताना दिसली की हा भ्रम झाला आहे हे ओळखावे आणि चित्र १८० अंशांत फिरवावे; आकार पाहता पाहता जागेवर येतात. डोंगराळ भागात राहणाऱ्यांनी तर प्रत्येक चित्र एकदा उलटे करून पाहण्याची सवयच लावून घ्यावी.

पाण्यापासून सुरुवात

खुणांमध्ये पहिला मान पाण्याचा. समुद्राचा किनारा, मोठे तलाव आणि नद्या यांच्या कडा रेखीव असतात आणि पाणी बहुधा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा गडद दिसते. एक अपवाद नीट लक्षात ठेवावा. सूर्याचे प्रतिबिंब थेट कॅमेऱ्याकडे येत असेल, तर तेच पाणी चांदीच्या पत्र्यासारखे लखलखते आणि एरवी डोळ्यांना न जाणवणारे ओढे व लहान तळीही उजळून निघतात. अशी चित्रे टाकून देऊ नयेत. जलप्रवाहांचे संपूर्ण जाळे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही चित्रात उमटत नाही. ढगाळ चित्रही अगदीच वाया जात नाही. दिवसा तापलेल्या जमिनीवर कापसी ढग जमतात आणि थंड पाण्यावरचे आकाश मोकळे राहते, त्यामुळे कधीकधी किनारा झाकलेला असूनही ढगांची कडच किनाऱ्याचा आकार सांगून जाते.

नैसर्गिक तलाव आणि धरणाचा जलाशय यांतला फरक वरून सहज कळतो. जलाशयाची एक बाजू सरळ रेघेने कापल्यासारखी असते, तीच धरणाची भिंत; उलट्या बाजूला पाणी प्रत्येक ओढ्याच्या खोऱ्यात शिरून फांद्या फुटल्यासारखा आकार घेते. या फांद्या नेहमी प्रवाहाच्या वरच्या दिशेला जातात, म्हणून नदी कुठून कुठे वाहते हे कोणताही नकाशा न पाहता सांगता येते. तेच उपनद्यांचे: उपनदी मुख्य नदीला बहुधा लघुकोनात मिळते आणि त्या कोनाचे टोक प्रवाहाच्या दिशेने असते. सपाट मैदानातल्या नदीच्या दोन्ही अंगांना चंद्रकोरीच्या आकाराची नालाकृती सरोवरे आणि जुन्या पात्रांचे वळसे दिसतात. त्यांची रांग आणि अंतरे प्रत्येक नदीला स्वतंत्र असतात, त्यामुळे ती ओळख पटवायला उत्तम.

पाण्याचा रंग उपयोगी असला तरी एकट्या रंगावर विसंबू नये. ब्राझीलमध्ये मनाऊस शहराजवळ रिओ नेग्रोचे काळसर आणि सोलिमोइशचे मातकट पाणी कित्येक किलोमीटर न मिसळता शेजारी शेजारी वाहते आणि हा संगम कोणत्याही ऋतूत ओळखू येतो, पण असे भाग्य क्वचितच लाभते. बहुतेक नद्या पुरात तपकिरी, कोरड्या दिवसांत हिरवट आणि थंडीत जवळजवळ काळ्या दिसतात. जलाशयाची पातळी उतरली की त्याच्याभोवती फिकट मातीचा पट्टा उघडा पडतो आणि बाह्याकार ओळखीचा राहत नाही. त्या वेळी काठ न पाहता जलाशयाचा कणा, म्हणजे मूळ नदीचे बुडालेले पात्र पाहावे.

गोल आकार निसर्गात विरळ असतात, म्हणून ते जवळ असतील तर नशीबच समजावे. मॉरिटानियातली रिशातची सुमारे ४० किलोमीटर व्यासाची वलये किंवा कॅनडातले मानिकुआगानचे वलयाकार सरोवर अंतराळवीरांना दिशादर्शक म्हणून वापरता येतात ते त्यामुळेच. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर लँडसॅटच्या चित्रात ६० पिक्सेलांचे होते, म्हणजे दिसते, पण कुठे पाहायचे हे ठाऊक असले तरच.

माणसाने ओढलेल्या रेषा

चीनची भिंत अवकाशातून दिसते ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. २००३ मध्ये चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई यांनी परतल्यावर ती आपल्याला दिसली नाही असे सांगितले होते. कारण सरळ आहे: भिंत लांब असली तरी अरुंद आहे आणि तिचा रंग भोवतालच्या जमिनीसारखाच आहे. वरून एखादी वस्तू दिसण्यासाठी लांबीपेक्षा रुंदी आणि रंगातला उठाव महत्त्वाचा असतो. स्पेनमधल्या अल्मेरियाजवळची हरितगृहे प्लास्टिकच्या पांढऱ्या छपरांमुळे झळकतात आणि उंच मनोरे मात्र सावली नसेल तर हरवून जातात. आपल्या भागात असा रंगाचा उठाव कुठे आहे, याचा विचार आधी करावा: खाणीचा फिकट खड्डा, मिठागरे, मोठ्या गोदामांची पांढरी छपरे, शहराच्या मधोमध राखलेले उद्यान.

रस्ता, लोहमार्ग आणि कालवा यांची वळणे निरनिराळी असतात. रस्ता काटकोनातही वळतो. लोहमार्गाला एकदम वळता येत नाही, म्हणून त्याची वळणे मोठी आणि संथ असतात. कालवा जमिनीची समान उंची धरून चालतो, म्हणून तो टेकडीच्या पायथ्याला वळसे घालत जातो. धावपट्टीइतकी खात्रीची मानवी खूण मात्र दुसरी नाही. मोठ्या विमानतळाची धावपट्टी साधारण अडीच ते चार किलोमीटर लांब असते आणि तिच्या क्रमांकातच तिची दिशा असते: ०९ आणि २७ हे आकडे असलेली धावपट्टी चुंबकीय पूर्व-पश्चिम, म्हणजे ९० आणि २७० अंशांवर असते. आपल्या जवळच्या विमानतळाचे क्रमांक माहीत असतील, तर चित्राची दिशा आणि प्रमाण ही दोन्ही एकाच रेघेवरून पडताळता येतात.

शेतांची ठेवण प्रदेशाचा इतिहास सांगते. अमेरिकेच्या मध्यभागात १७८५ च्या भूमापन कायद्यापासून जमीन एक मैलाच्या चौकोनांत वाटली गेली आणि कॅन्ससमध्ये त्याच चौकोनांत फिरत्या तुषारसिंचनाची हिरवी वर्तुळे बसलेली दिसतात, बहुतेक ८०० मीटर व्यासाची. क्युबेकमध्ये सेंट लॉरेन्स नदीकाठी फ्रेंच वसाहतीच्या काळातले लांब, अरुंद पट्टे नदीला काटकोनात आहेत. आपल्या गावाच्या शेतांना असा ठळक साचा नसला, तरी तुकड्यांचे सरासरी माप आणि त्यांचा कल यांवरून निदान चुकीचे प्रदेश वगळता येतात.

एक उदाहरण जवळून

समजा, सॅन फ्रान्सिस्कोच्या रहिवाशासमोर ४०० मिलिमीटरच्या लेन्सने घेतलेले, दिशा न दिलेले एक छायाचित्र आहे. अरुंद सामुद्रधुनी, आत पसरलेला उपसागर आणि टोकावर राखाडी शहर एवढे दिसताच ओळख पटल्यासारखे वाटेल, पण अशी रचना जगात आणखीही ठिकाणी सापडते. त्याने प्रथम शहरातला गडद हिरवा आयत शोधावा. गोल्डन गेट उद्यान सुमारे पाच किलोमीटर लांब आणि ८०० मीटर रुंद आहे, त्याची लांबी साधारण पूर्व-पश्चिम आहे आणि त्याचे पश्चिम टोक थेट महासागराला भिडते. म्हणजे या एका आयतातून दिशा मिळाली आणि मोजपट्टीही मिळाली. पडद्यावर फूटपट्टी ठेवून गोल्डन गेट पूल आणि विमानतळ यांतले अंतर मोजावे. चित्र फार तिरके नसेल तर ते उद्यानाच्या लांबीच्या जवळपास पाचपट भरले पाहिजे, कारण प्रत्यक्षात ते सुमारे २४ किलोमीटर आहे. विमानतळ उपसागराच्या पश्चिम काठावर आहे आणि तिथे समांतर धावपट्ट्यांच्या दोन जोड्या एकमेकींना जवळजवळ काटकोनात छेदतात. त्याच्या पश्चिमेला डोंगरांत, वायव्य-आग्नेय दिशेच्या एकाच रेषेत, सॅन अँड्रियास आणि क्रिस्टल स्प्रिंग्ज हे अरुंद, लांबट जलाशय असायला हवेत, कारण ते सॅन अँड्रियास प्रस्तरभंगाच्या खोलगट पट्ट्यात आहेत. शहरातही मार्केट स्ट्रीटच्या दोन बाजूंना रस्त्यांच्या जाळ्यांचे कल वेगळे आहेत.

उपसागराच्या दक्षिण टोकाला लाल-नारिंगी मिठागरे दिसली तर उत्तमच, पण ती दिसली नाहीत म्हणून ओळख फेटाळू नये. तो रंग खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा असतो, क्षारतेनुसार बदलतो, आणि त्यांपैकी बऱ्याच मिठागरांचे पुन्हा दलदलीत रूपांतर केले जात आहे. शेवटी, चित्र कसेही फिरवले तरी महासागर उत्तरमुखी माणसाच्या डावीकडे येत नसेल, तर ते चित्र आरशातल्यासारखे उलटलेले आहे. जुन्या फिल्म चुकीच्या बाजूने स्कॅन केल्या गेल्या की असे होते.

यातले उद्यान, धावपट्ट्या आणि जलाशय हे तीन पुरावे एकमेकांवर अवलंबून नाहीत, आणि खरी किंमत तीच आहे. एकाच नदीच्या तीन वळणांना तीन पुरावे मानणे ही सर्वांत सर्रास होणारी गफलत होय. तसेच केवळ जुळणाऱ्या गोष्टी गोळा न करता, ‘हे ठिकाण खरेच तेच असेल तर या कोपऱ्यात काय दिसायलाच हवे’ असा प्रश्न आधी मांडून मग त्या कोपऱ्याकडे पाहावे.

फसवे रंग आणि रात्रीची चित्रे

काही उपग्रहचित्रांत झाडी लालभडक दिसते. वनस्पती अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित करतात आणि तो डोळ्यांना दिसावा म्हणून चित्रात त्याला लाल रंग दिलेला असतो. अशा चित्रात वस्ती निळसर-राखाडी आणि स्वच्छ पाणी काळे दिसते. रंगांचा असा अदलाबदल असला तरी कडा आणि आकार तेच राहतात, म्हणून पद्धत बदलत नाही.

रात्रीच्या चित्रांत मात्र सगळे उलटे होते: भूरूपे नाहीशी होतात आणि रस्ते उरतात. नदी दिव्यांच्या गर्दीतली काळी फट म्हणून शोधावी लागते, बंदर सर्वांत प्रखर असते, किनारा जिथे उजेड तुटतो तिथे असतो. दिव्यांचा रंगही बोलका असतो. २०१३ मध्ये अंतराळवीर क्रिस हॅडफिल्ड यांनी स्थानकातून टिपलेल्या बर्लिनच्या छायाचित्रात शहराचा पूर्व भाग पिवळसर आणि पश्चिम भाग पांढरट दिसतो, कारण एकेकाळच्या दोन शहरांनी निरनिराळे पथदिवे वापरले होते. स्थानक सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगाने पुढे सरकत असल्याने रात्रीची अनेक चित्रे किंचित हललेली असतात. २०१२ मध्ये कुपोलात बसवलेल्या नाइटपॉड या फिरत्या आधारामुळे त्यांत बरीच सुधारणा झाली. एलईडी दिवे आल्यापासून अनेक शहरांचे रंग पालटले आहेत, म्हणून जुने रात्रीचे चित्र आजच्या चित्राशी रंगावरून जुळवू नये.

जुळत नसेल तेव्हा

सगळे जुळते आणि एकच गोष्ट जुळत नाही, असे वारंवार होते. अशा वेळी ओळख रद्द करण्याआधी तारीख पाहावी. नासाच्या वर्ल्डव्ह्यू या संकेतस्थळावर २००० सालापासूनची रोजची चित्रे आहेत; २५० मीटरच्या पिक्सेलमुळे ती ढोबळ असली, तरी त्या दिवशी बर्फ कुठवर होता, धूर किंवा धूळ कोणत्या बाजूला होती आणि पूर आला होता का, हे त्यांवरून समजते. बदल कायमचा वाटत असेल, तर लँडसॅटचा १९७२ पासूनचा साठा वर्षावर्षाने उलटावा. युटातल्या ग्रेट सॉल्ट सरोवराचे उत्तरेकडचे लालसर आणि दक्षिणेकडचे निळसर-हिरवे असे दोन भाग १९५९ मध्ये पूर्ण झालेल्या रेल्वेच्या भरावामुळे पडले आहेत. त्याआधीच्या हवाई चित्रात ती सीमारेषा शोधणाऱ्याला ती सापडणार नाही. १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेच्या कोरोना हेर उपग्रहांनी काढलेली आणि १९९५ मध्ये खुली केलेली छायाचित्रेही मिळतात. ती कृष्णधवल असली तरी काही पाहण्यासारखी बारीक आहेत. त्यांत आपला परिसर शोधताना आजचे जलाशय, महामार्ग आणि विमानतळ मनातून पुसून टाकावेत आणि नदीचे पात्र, डोंगराची धार व जुन्या गावठाणांच्या जागा एवढ्यावरच भिस्त ठेवावी. ओळख पक्की झाली की चित्राचा क्रमांक, मध्याचे अक्षांश-रेखांश, उत्तरेची दिशा आणि ज्या तीन खुणांवरून ती पटली त्या खुणा एका ओळीत लिहून ठेवाव्यात, म्हणजे पुढचे चित्र हाती येईल तेव्हा ताडून पाहायला काहीतरी जवळ असेल.